दोनाचे दहा इनपुट : घरचा स्टुडिओ वाढवताना

दोन इनपुटच्या इंटरफेसवर, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीवर, बरीच वर्षं निघतात. एका माइकवर आवाज घ्यायचा, दुसऱ्यावर हार्मोनियम, आणि तबला नंतर सावकाश वेगळा. एकट्यादुकट्या गायकाचं काम असं छान होतं. पण घरात भजनी मंडळ बसवलं की ही पद्धत तोकडी पडते. बुवांनी कडवं संपवताना मान हलवली की पखवाजवाला लग्गी धरतो, त्याच्या हाताकडे बघून टाळकरी लय वाढवतात, आणि मागचे कोरसवाले त्या लयीवर स्वार होतात. त्यांना एकेक करून, कानात हेडफोन घालून वाजवायला लावलं तर ताल चुकत नाही, पण रंगही चढत नाही. म्हणून सगळ्यांना एकाच वेळी, प्रत्येकाला स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावं लागतं. त्यासाठी इनपुट वाढवायला हवेत.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे एक छोटा इंटरफेस आहे, एक संगणक आहे, आणि आता सहा-आठ-दहा माइक एकदम घ्यायचे आहेत. मी भजनाचं उदाहरण धरून चालतो, कारण माझं बरंचसं काम तेच आहे. तुमचा बँड असेल, नाटकाचं पार्श्वसंगीत असेल, तरी हिशेब हाच.

मोजणी कागदावर

दुकानात जाण्याआधी एक कागद घ्या आणि एकाच क्षणी वाजणाऱ्या गोष्टी लिहा. माझ्या वहीतली नेहमीची यादी अशी: बुवांचा आवाज १, हार्मोनियम १, पखवाज २ (शाईची बाजू आणि धुमेची बाजू), टाळ १, कोरस २. झाले ७. कधी चिपळ्या किंवा व्हायोलिन येतं, म्हणजे ८. तानपुरा यंत्रावरचा असेल तर तो केबलने थेट घेता येतो, तो धरला तर ९.

आता या यादीतून काय वगळता येईल ते बघा. कोरसचे चार जण असतील तर चौघांना चार माइक लागत नाहीत. दोघांत एक ठेवला तरी भागतं, आणि आवाज आपसांत मिसळून येतात ते कानाला बरंच वाटतं. टाळ तर इतका टोकदार असतो की तो बाकी सगळ्या माइकांत आपोआप येतोच. त्याला स्वतंत्र माइक दिला तरी मिक्समध्ये मी तो बहुतेक वेळा अगदी खाली ठेवतो. याउलट पखवाजाचा दुसरा माइक कधीही कापू नका. एका माइकवर घेतलेला पखवाज एक तर नुसता टणटणतो नाही तर नुसता घुमतो.

या मोजणीनंतर जो आकडा येईल त्यात दोन मिळवा. एखादी केबल ऐनवेळी दगा देते, एखादा पाहुणा कलाकार बासरी घेऊन येतो. पण दोनच मिळवा. दहाच्या गरजेसाठी चोवीसची व्यवस्था करणाऱ्याचे पैसे माइक आणि खोली सुधारण्यात जायला हवे होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोक्यावरचा आकडा नीट वाचा

नवख्यांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेत १८आय२० नावाचा इंटरफेस आहे. याचा अर्थ १८ इनपुट, २० आउटपुट. पण १८ माइक जोडता येतात असा त्याचा अर्थ नाही. माइकसाठी प्रीअँप (माइकचा क्षीण संकेत वाढवणारे भाग) आठच आहेत. उरलेल्या दहांपैकी आठ एडॅट नावाच्या ऑप्टिकल जोडणीतून येतात आणि दोन स्पिडिफ नावाच्या डिजिटल जोडणीतून. त्याच मालिकेच्या तिसऱ्या पिढीतला ८आय६ घ्या: आकडा आठ, पण माइक प्रीअँप फक्त दोन. बाकी चार लाइन इनपुट, दोन स्पिडिफ.

माइक इनपुट आणि लाइन इनपुट यांतला फरक समजून घ्या. माइकमधून येणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो. त्याला प्रीअँपने शेकडो पटींनी वाढवावं लागतं. लाइन इनपुट हे आधीच वाढवलेल्या संकेतासाठी असतं: कीबोर्डचं आउटपुट, मिक्सरचं आउटपुट, इलेक्ट्रॉनिक तानपुरा. माइक सरळ लाइन इनपुटला लावला तर काहीच ऐकू येत नाही किंवा नुसती खरखर ऐकू येते, आणि माणसाला वाटतं की माइक बिघडला.

याची चांगली बाजूही आहे. अनेकांच्या इंटरफेसच्या मागे दोन लाइन इनपुट वर्षानुवर्षं रिकामे पडलेले असतात. स्कार्लेट ४आय४ वापरणारे कितीतरी जण फक्त पुढचे दोन माइक इनपुट वापरतात. मागच्या दोन लाइन इनपुटांना एखादा दोन चॅनेलचा वेगळा माइक प्रीअँप जोडला, की चार माइक झाले. नवा इंटरफेस नको, ड्रायव्हर नको, कसलीही सेटिंग नको. तुमची गरज चारची असेल तर हा लेख तुमच्यासाठी इथेच संपला तरी चालेल.

आणखी एक जुना मार्ग म्हणजे छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर. कोरसचे तीन-चार माइक मिक्सरमध्ये घ्यायचे, तिथेच तोल साधायचा आणि त्याचं स्टिरिओ आउटपुट दोन लाइन इनपुटांत सोडायचं. यात धोका एकच: एकदा मिसळलेलं पुन्हा सुटं होत नाही. कोरसमधल्या एकाचा सूर उतरला तर त्याला नंतर खाली घेता येणार नाही. कोरसपुरतं मी हे चालवून घेतो, पखवाज-हार्मोनियमसाठी कधीच नाही.

आता इंटरफेस उलटा करा

मागच्या बाजूला एक छोटं चौकोनी छिद्र दिसतं का, ज्यावर आत उघडणारी झडप किंवा काळं बुच आहे? त्याशेजारी 'ऑप्टिकल' किंवा 'एडॅट' असं लिहिलंय का? असेल तर तुमचं निम्मं काम झालं. या छिद्रातून एका पातळ केबलवर आठ चॅनेल आत येतात.

स्कार्लेट १८आय२० वर ते आहे, बेहरिंगरच्या यूएमसी१८२० वर आहे. ऑडियंटचा आयडी१४ हा तर दोनच माइक प्रीअँपचा लहानसा इंटरफेस, पण त्यालाही ऑप्टिकल इनपुट आहे, म्हणून तो दोनाचा दहा होऊ शकतो. पहिला इंटरफेस घेणारे कुणी मला विचारतात तेव्हा मी हेच सांगतो: आज दोनच हवेत ना, दोनचाच घे, पण मागे ऑप्टिकल असलेला घे. स्कार्लेट २आय२, सोलो, ४आय४, किंवा बेहरिंगर यूएमसी४०४एचडी यांवर ते नाही. ही यंत्रं वाईट नाहीत, पण त्यांची वाढ तिथेच थांबते.

एक खबरदारी. तसंच दिसणारं छिद्र टीव्हीच्या आणि होम थिएटरच्या मागेही असतं. ही जोडणी तोशिबा कंपनीची, म्हणून तिला टॉसलिंक म्हणतात. तिच्यातून स्पिडिफ पद्धतीने गेलं तर दोन चॅनेल जातात आणि एडॅट पद्धतीने गेलं तर आठ. छिद्र तेच, केबल तीच, भाषा वेगळी. इंटरफेसच्या माहितीपुस्तिकेत 'एडॅट' हा शब्द स्पष्ट असल्याखेरीज पैसे मोजू नका.

हा शब्द आला कुठून तेही थोडक्यात सांगतो. अलेसिस या अमेरिकन कंपनीने १९९१ साली एक रेकॉर्डर जाहीर केला. तो व्हीसीआरमध्ये चालते तशा एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक घेई. त्याचं नाव एडॅट. असे १६ रेकॉर्डर साखळीत जोडून १२८ ट्रॅक करता येत. त्याआधी डिजिटल मल्टिट्रॅक ही फक्त मोठ्या स्टुडिओंची मिरास होती. ती कॅसेट कधीच गेली, पण दोन यंत्रांमध्ये आठ चॅनेल नेणारी तिची प्रकाशकेबल राहिली, आणि आपल्या घरच्या स्टुडिओंना तीच उपयोगी पडते आहे.

दुसरं यंत्र कोणतं घ्यायचं

तुम्हाला हवा तो 'आठ चॅनेलचा माइक प्रीअँप, एडॅट आउटपुटसह'. बेहरिंगर एडीए८२००, फोकसराइटची ऑक्टोप्री मालिका, ऑडियंट इव्हो एसपी८ ही त्यातली नेहमीची नावं. यातल्या कुठल्याचाही आवाज घरच्या कामाला कमी पडत नाही. फरक बघायचा तो तीन गोष्टींत.

पहिली, सॅम्पल रेट, म्हणजे आवाजाचं माप सेकंदाला किती वेळा घेतलं जातं तो आकडा. एडीए८२०० हा ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच चालतो. तुम्हाला ९६ वर काम करायचं असेल तर तो बाद. पण ९६ चा मोह धरण्याआधी हे समजून घ्या: एडॅटची एक केबल ४४.१ किंवा ४८ वर आठ चॅनेल नेते, ८८.२ किंवा ९६ वर चारच, आणि १९२ वर दोन. रेट दुप्पट केला की वाट निम्मी होते. भजनासाठी मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट यापलीकडे कधी गेलो नाही आणि आजवर एकाही ऐकणाऱ्याने ते ओळखलं नाही.

दुसरी, फँटम पॉवर. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात. काही प्रीअँपमध्ये आठही चॅनेलना मिळून एकच बटण असतं, काहींत चार-चारना, काहींत प्रत्येकाला स्वतंत्र. वीज न लागणाऱ्या साध्या डायनॅमिक माइकला नीट एक्सएलआर (तीन पिनांच्या) केबलवर फँटम गेला तरी काही होत नाही. जुन्या रिबन माइकला मात्र इजा होऊ शकते. तुमच्याकडे रिबन असेल तर हे आधी विचारून घ्या.

तिसरी, ऑप्टिकल इनपुट. आउटपुट तर सगळ्यांना असतं, पण प्रीअँपला इनपुटही असेल तर क्लॉकचा, म्हणजे दोन यंत्रांची घड्याळं जुळवण्याचा, प्रश्न सोपा होतो. तो प्रश्न आता घेऊ.

क्लॉक: एका घरात एकच घड्याळ

या लेखातलं एवढं एक प्रकरण दोनदा वाचलंत तरी बरं.

डिजिटल ध्वनी म्हणजे दर सेकंदाला ४८,००० वेळा घेतलेलं माप. ते माप कधी घ्यायचं हे यंत्रातला एक छोटा स्फटिक ठरवतो. प्रत्येक यंत्राचा स्फटिक वेगळा, आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे चालत नाहीत. फरक अगदी किरकोळ असतो, पण तो साचत जातो. समजा दोन यंत्रांत दशलक्षात वीस भागांचा फरक आहे. दर सेकंदाला एका मापाइतकाही नाही. तरी तासाभरात तो ७२ मिलिसेकंदांवर जातो. पखवाजाची थाप आणि टाळेचा ठोका यांच्यात एवढं अंतर पडलं तर मंडळ बेताल वाटतं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पहिल्यांदा एक मंडळ घरी आलं तेव्हा माझ्याकडे दोन लहान इंटरफेस होते. एक माझ्या लॅपटॉपला लावला, दुसरा मित्राच्या लॅपटॉपला, दोन्हीकडे एकदम रेकॉर्डिंग सुरू केलं आणि टाळी वाजवून खूण केली. पहिला अभंग उत्तम जुळला. चाळीस मिनिटांनंतरची गवळण लावली तर हार्मोनियम एकीकडे, पखवाज दुसरीकडे. ज्येष्ठ बुवा होते, मला 'बाळा, हे आम्ही असं वाजवलं नव्हतं' एवढंच म्हणाले. दोन रात्री बसून तुकडे कापून जुळवले. त्या मंडळींना परत बोलावणं शक्य नव्हतं.

म्हणून नियम: कितीही यंत्रं असोत, घड्याळ एकाचंच चालतं, बाकीची त्याच्या मागे चालतात. पहिल्याला मास्टर म्हणतात, दुसऱ्याला स्लेव्ह. घरी शक्यतो इंटरफेस मास्टर ठेवावा, कारण संगणक त्याच्याशीच बोलतो आणि सॅम्पल रेट बदलला की प्रीअँप आपोआप मागे येतो. त्यासाठी इंटरफेसच्या ऑप्टिकल आउटपुटपासून प्रीअँपच्या ऑप्टिकल इनपुटपर्यंत दुसरी केबल लागते. तिच्यातून तुम्हाला आवाज पाठवायचा नसला तरी घड्याळ तिच्यातूनच जातं. काही यंत्रांना वर्ड क्लॉकसाठी गोल, पिळून बसवायची बीएनसी जोडणीही असते. तिथे ७५ ओहमची केबल वापरा.

इंटरफेसला ऑप्टिकल आउटपुट नसेल, नुसतं इनपुटच असेल (आयडी१४ सारखा), तर उलट करा. प्रीअँप मास्टर, त्यावर ४८ किलोहर्ट्झ ठरवून टाका, आणि इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स 'इंटर्नल' वरून 'ऑप्टिकल' किंवा 'एडॅट' वर न्या. यात फक्त एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी लागते: त्यानंतर प्रीअँप बंद असताना इंटरफेसला घड्याळच मिळत नाही. एकट्याने साधं काम करायच्या दिवशी पुन्हा 'इंटर्नल' करायला विसरू नका.

जोडणी, क्रमाने

१. सगळं बंद करा. स्पीकरचा आवाज शून्यावर आणा.

२. ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांवरची छोटी पारदर्शक टोपणं काढा. हसू नका, 'सिग्नलच येत नाही' अशा फोनांपैकी बरेचसे या टोपणांपाशी संपतात. टोपणं जपून ठेवा, केबल गुंडाळताना पुन्हा लावायची असतात. केबलची तीव्र घडी पडू देऊ नका, आतला धागा प्रकाश नेतो, तो मोडला की दुरुस्ती नाही. दोन-तीन मीटरची केबल घरी पुरते; फार लांब घेऊ नका.

३. प्रीअँपच्या ऑप्टिकल आउटमधून इंटरफेसच्या ऑप्टिकल इनमध्ये एक केबल. शक्य असेल तर इंटरफेसच्या आउटमधून प्रीअँपच्या इनमध्ये दुसरी. कोणतं आउट आहे याचा संशय असेल तर यंत्र चालू केल्यावर बघा: आउटच्या छिद्रातून किंवा त्याला लावलेल्या केबलच्या मोकळ्या टोकातून लाल प्रकाश दिसतो. केबल 'टक' असा आवाज होईपर्यंत आत बसवा.

४. आधी इंटरफेस सुरू करा, मग प्रीअँप. प्रीअँपवरचं क्लॉकचं बटण 'एडॅट इन' कडे न्या. एडीए८२०० वर त्यासाठी स्विच आहे. बऱ्याच यंत्रांवर 'लॉक' किंवा 'सिंक' नावाचा दिवा असतो. तो स्थिर लागला पाहिजे. लुकलुकत असेल तर दोघांचा सॅम्पल रेट जुळत नाही.

५. संगणकावर इंटरफेसचं स्वतःचं नियंत्रण सॉफ्टवेअर उघडा. ऑप्टिकल पोर्ट 'स्पिडिफ' वर असेल तर 'एडॅट' वर न्या.

६. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, रीपर असो, क्यूबेस असो की लॉजिक, ऑडिओ डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे इनपुट चालू आहेत का ते पाहा. रीपरमध्ये पहिला आणि शेवटचा इनपुट निवडायचा असतो. तिथे २ लिहिलेलं असेल तर बाकी आठ तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. आकड्यांचा क्रमही तपासा. स्पिडिफ असलेल्या इंटरफेसवर एडॅटचे इनपुट आठांनंतर लगेच सुरू होतीलच असं नाही, मधले दोन स्पिडिफचे असू शकतात.

७. आता एक माइक घ्या आणि प्रीअँपच्या पहिल्या चॅनेलला लावा. गेन (प्रीअँप संकेत किती वाढवतो ते ठरवणारं बटण) हळू वाढवा, माइकमध्ये 'एक' म्हणा. कोणत्या ट्रॅकवर हालचाल दिसते ते लिहून ठेवा. मग तोच माइक दुसऱ्या चॅनेलला, 'दोन'. असं आठही. अर्धा तास जातो, पण मंडळ समोर बसलेलं असताना हा शोध घ्यायची वेळ येत नाही. इनपुटना सॉफ्टवेअरमध्ये नावं देता येतात ती द्या, आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा.

यूएसबीवर एवढे चॅनेल मावतील का, असं पुष्कळ जण विचारतात. १८ चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला साधारण २१ मेगाबिट. यूएसबी २.० ची क्षमता ४८० आहे. जागेची ओढाताण होते ती डिस्कवर: एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी, दहा ट्रॅकना तासाला पाच जीबीपेक्षा थोडं जास्त. अडीच तासांच्या बैठकीआधी वीस जीबी मोकळी ठेवा. इंटरफेस मात्र हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा.

ऑप्टिकल नसेल तर

मॅकवर दोन इंटरफेस एकत्र करायची सोय सिस्टिममध्येच आहे. 'ऑडिओ मिडी सेटअप' उघडा, अधिकच्या चिन्हावर दाबून 'अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस' बनवा, दोन्ही इंटरफेसना खूण करा, एकाला क्लॉक ठरवा आणि दुसऱ्यासमोर 'ड्रिफ्ट करेक्शन' ची खूण न विसरता करा. ही खूण म्हणजे मी वर सांगितलेल्या ७२ मिलिसेकंदांवरचा इलाज. सॉफ्टवेअर दुसऱ्याचं माप सतत थोडंथोडं ताणून किंवा आवळून जुळवत राहतं. तात्पुरत्या गरजेला ते ठीक आहे.

विंडोजवर बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर एका वेळी एकच एसिओ ड्रायव्हर (इंटरफेस आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा प्रोग्रॅम) धरतात. एसिओफॉरऑल नावाचा मोफत ड्रायव्हर दोन यंत्रं एकत्र दाखवू शकतो, पण दोन घड्याळांचा प्रश्न तिथेच राहतो. लांब बैठकीसाठी मी तो सुचवणार नाही.

माझा सल्ला असा: ऑप्टिकल नसलेला दोन इनपुटचा इंटरफेस असेल तर तो विका किंवा प्रवासासाठी ठेवा, आणि एकाच पेटीत आठ प्रीअँप असलेला इंटरफेस घ्या. आणि मंडळाचे प्रत्यक्ष कार्यक्रमही तुम्हीच ऐकवत असाल तर डिजिटल मिक्सरचा विचार करा. बेहरिंगर एक्सआर१८ मध्ये १६ माइक प्रीअँप आहेत आणि यूएसबीवरून १८ चॅनेल सुटे येतात. मंदिरात मिक्सर, घरी इंटरफेस. झूमचा लाइव्हट्रॅक एल-१२ तर लॅपटॉपशिवायही मेमरी कार्डवर सुटे ट्रॅक घेतो. पण 'यूएसबी मिक्सर' एवढंच लिहिलेलं यंत्र घेताना सावध राहा. स्वस्तातले बहुतेक मिक्सर यूएसबीवरून फक्त मिसळलेलं स्टिरिओ पाठवतात. 'मल्टिट्रॅक' हा शब्द आणि चॅनेलचा आकडा दोन्ही शोधा. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्यायला गेलात तर लॅपटॉप बरोबर न्या आणि दुकानातच किती इनपुट दिसतात ते बघा.

वीज आणि गुणगुण

यंत्रं वाढली की ५० हर्ट्झची गुणगुण येण्याच्या जागा वाढतात. लॅपटॉप, इंटरफेस, प्रीअँप, स्पीकर ही सगळी एकाच भिंतीच्या सॉकेटवरून, एका चांगल्या एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. जुन्या घरांत काही खोल्यांतल्या सॉकेटना अर्थिंग नुसतं दिसायला असतं. स्टुडिओचा सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढणं जीवघेणं आहे, ते कुणीही सांगितलं तरी करू नका. ऑप्टिकल केबलमधून वीज जातच नाही, त्यामुळे त्या जोडणीतून गुणगुण शिरत नाही, हा तिचा मोठा फायदा. बैठक चालू असताना लॅपटॉपचा चार्जर काढून बघा; आवाज गेला तर दोषी सापडला. साध्या इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका. वीज गेली की चहा घ्या, आली की पुन्हा बसा.

पहिली बैठक

आता खोलीत आठ माइक आहेत, आणि प्रत्येक माइकला सगळेच ऐकू येतात. एक जुना अंदाज कामी येतो: माइक आपल्या आवाजापासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर शेजारचा माइक असावा. बुवांचा माइक २० सेंटिमीटरवर असेल तर हार्मोनियमचा माइक त्यापासून ६० सेंटिमीटरच्या आत नको. मंडळाला त्यांच्या सवयीच्या अर्धवर्तुळातच बसवा, फक्त टाळकऱ्याला दोन मीटर मागे, बुवांच्या माइकच्या पाठीकडे. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या, माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं. पंखा बंद. त्यामुळे बैठक पहाटे किंवा रात्री ठेवणं बरं.

पखवाजाचे दोन माइक एकमेकांकडे तोंड करून असतात, म्हणून त्यांच्या लहरी उलटसुलट पडू शकतात. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून बघा आणि ज्या बाजूला धुमेचा आवाज भरदार येतो ती ठेवा. कणीक वाळत गेली की धुमेचा सूर चढतो, तेव्हा दर दोन-तीन अभंगांनी पखवाजवाल्याला विचारा. रेकॉर्डिंगवर तो बदल गाताना वाटतो त्याहून ठळक ऐकू येतो.

पखवाजाचे दोन्ही माइक एकाच यंत्रावर घ्या; कोरसचे दोन्हीही. इंटरफेस आणि प्रीअँप यांच्या आत आवाजाचं डिजिटल रूपांतर व्हायला लागणारा वेळ काही मापांनी वेगळा असू शकतो. बुवा आणि टाळ यांच्यात तो कळत नाही, पण एकाच वाद्याच्या दोन माइकांत आवाज पोकळ करतो.

गेन ठेवताना मंडळाला सर्वांत रंगलेला गजर म्हणायला सांगा, आणि त्यात मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीला सगळे सांभाळून वाजवतात, तासाभराने कुणीच सांभाळत नाही. २४ बिटमध्ये कमी पातळीवर घेतलेलं नंतर वाढवता येतं; फाटलेली थाप परत शिवता येत नाही.

बिघडलं तर

दर काही सेकंदांनी 'टिक' असा आवाज येतोय: क्लॉक. दोन्ही यंत्रं 'इंटर्नल' वर आहेत. एकाला मागे लावा.

काहीच येत नाही: टोपण, इन-आउटची अदलाबदल, किंवा पोर्ट स्पिडिफ पद्धतीवर. याच क्रमाने बघा.

आठांऐवजी चारच चॅनेल दिसतात: प्रकल्प ९६ किलोहर्ट्झवर उघडलाय.

काल नीट घेतलेलं आज चढ्या सुरात वाजतंय: प्रीअँप मास्टर होता आणि ४४.१ वर चालत होता, सॉफ्टवेअरने मात्र फाइलवर ४८ लिहिलं. त्या दिवशी सगळं त्याच घड्याळावर चालल्यामुळे कळलं नाही. फरक जवळपास दीड सेमिटोनचा पडतो. काळी चारमध्ये गायलेलं भजन पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधोमध कुठेतरी जाऊन बसतं आणि लयही चढते. घाबरू नका, रेकॉर्डिंग गेलेलं नाही. मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये तिचा सॅम्पल रेट ४४.१ आहे असं सांगा, किंवा सगळ्या ट्रॅकचा वेग आणि सूर मिळून ०.९१८७५ पटीने खाली आणा. हार्मोनियमची पट्टी लावून ताडून पाहा. काळी चार बरोबर लागली की बुवांना ऐकवायला हरकत नाही.